कोच आणि ‘दुखत नाही’ म्हणणारी पोरं

आमच्या धंद्यात पेशंट बरा झाला की आम्हाला विसरतो, आणि ते बरोबरच आहे. गुडघा नीट वाकायला लागला की माणसाला गुडघ्याचीसुद्धा आठवण राहत नाही, तर तो वाकवणाऱ्या बाईची कुठून राहणार! मी फिजिओथेरपिस्ट. पंचवीसेक वर्षं दुबईत काम केलं, त्यातली बरीचशी जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका क्लिनिकमध्ये. गेल्या वर्षी थांबले. आता नातेवाइकांच्या कंबरा व्हॉट्सॲपवर बघते.

‘दुबईत काम केलंत म्हणजे बडे लोक आले असतील तुमच्याकडे,’ असं लोक फार उत्सुकतेने विचारतात. आले की. पण टेबलावर पालथं झोपवल्यावर बडा कोण आणि छोटा कोण हे पाठीवरून कळत नाही. मला विचाराल तर पेशंट दोनच प्रकारचे असतात. दुखणं वाढवून सांगणारे आणि दुखणं लपवणारे. पहिले सोपे. आमच्या टॉवरमधले मॅनेजर लोक यायचे. दहापैकी किती दुखतंय विचारलं की “टेन, टेन!” म्हणायचे आणि त्याच वेळी वाकून खाली पडलेला फोन उचलायचे. त्यांना थोडं शेकायचं, थोडं रागवायचं, झालं.

लपवणारे अवघड. आम्ही काही मराठी मंडळी मधूनमधून मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात जाऊन तिथल्या कामगारांना तपासायचो. गुहागरकडचा एक शटरिंगचा कारागीर होता, त्याचा हात खांद्याच्या वर जाईना. मी हात धरून उचलला.

“दुखतं?”

“नाय ओ ताई.”

डोळ्यांत पाणी आलेलं आणि तोंडाने ‘नाय’ चालू. दुखतं म्हटलं की काम बंद, आणि काम बंद की खलास, गावाला परत. त्याचं लपवणं मला कळत होतं. पण ज्यांच्यावर असली कसलीच सक्ती नाही, जे हौसेने खेळायला आलेत, ते जीव गेला तरी ‘दुखत नाही’ का म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. ते एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसामुळे कळलं. त्यांचीच हकिगत सांगणार आहे.

त्यांना त्यांची मुलगी घेऊन आली. ती आमच्याच टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. आई वारल्यावर वडील एकटे पडले, म्हणून तिने त्यांना दुबईला आणलं होतं आणि इथेच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. दारातून आत येताना त्यांना थोडं तिरकं व्हावं लागलं. मान म्हणून काही नव्हतीच. डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं.

“मला सगळे कोच म्हणतात,” ते म्हणाले. “बायकोसुद्धा कोचच म्हणायची. तुम्हीही तेच म्हणा.”

आणि त्यांनी मला जे ‘डॉक’ म्हणायला सुरुवात केली, ती शेवटपर्यंत. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे ते मला नक्की काय म्हणत होते देव जाणे. मी आपलं सोयीने ‘तुम्ही’ लिहिते.

सांधा बदलल्यावर पहिले काही आठवडे गुडघा वाकवणं हेच सगळं काम असतं. नवा सांधा कितीही चांगला असला तरी त्याच्याभोवतीचं मांस आणि कातडी आखडून बसलेली असते. ती वेळेत सोडवली नाही तर पाय कायमचा ताठ राहतो, आणि सोडवायला गेलं की माणूस देवाला हाका मारतो. मी कोचना पालथं झोपवलं, घोटा धरला आणि वाकवायला लागले. आवाज नाही. आणखी वाकवला. आवाज नाही. वाकून चेहरा पाहिला तर लालबुंद, आणि उशीचा अभ्रा दातांत धरलेला.

“कोच, दुखतंय का?”

“अजिबात नाही.”

“बरं. मग आणखी वाकवते.”

“डॉक,” ते उशीतूनच म्हणाले, “आयुष्यभर मी लोकांच्या पोरांना हे असंच करायला लावलं. मला करायला लावणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

आता ते कोच कसले, ते सांगायला हवं. फुटबॉल म्हटलं की आपल्याला गोल चेंडू आणि पाय आठवतात. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि पायापेक्षा हातातच जास्त. खांद्यांवर कवच, डोक्यावर हेल्मेट, आणि अकरा जणांनी समोरच्या अकरांना धडका देत, पाडत तो चेंडू पुढे न्यायचा. कबड्डीत चढाई करणाऱ्यावर सगळे मिळून कसे तुटून पडतात, तसंच. फक्त इथे लांबून धावत येऊन, पूर्ण वेगात, आणि दर खेपेला. मी पहिल्यांदा त्यांच्या फोनवर एक मॅच पाहिली तेव्हा मला खेळ दिसलाच नाही. पुढच्या वीस वर्षांचे पेशंट दिसले.

आणि तिकडे कॉलेजची टीम म्हणजे आपल्या कॉलेजच्या स्पोर्ट्स वीकसारखं काही नव्हे. आपल्या क्रिकेटच्या स्टेडियमला लाजवेल एवढी गर्दी. कॉलेजच्या प्राचार्यांना गावात कुणी ओळखत नसतं, पण टीमच्या कोचना केस कापायला गेलं तरी लोक सल्ले देतात. आमच्या कोचचे वडील घरोघर दूध पोचवायची गाडी चालवायचे. कोच स्वतः तरुणपणी खेळले ते बेताचंच. मग शिकवायला लागले, आणि त्यांना अशा एका कॉलेजात संधी मिळाली, जिथली टीम इतकी वर्षं हरत होती की लोक मॅच अर्धी सोडून घरी जायचे. कोचनी ती उभी केली. अजिंक्यपद मिळवलं, मग पुन्हा मिळवलं. गावातल्या एका रस्त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. हे सगळं मला त्यांच्या मुलीने सांगितलं. ते स्वतः ट्रॉफ्यांबद्दल चकार शब्द काढत नसत. ते बोलायचे ते स्वयंपाकघरांबद्दल.

“माझं खरं काम मैदानावर नव्हतंच,” ते एकदा म्हणाले. “शाळेत चांगला खेळणारा एखादा मुलगा असतो. पाचपन्नास कॉलेजं त्याच्या मागे लागलेली असतात. त्याच्या घरी जायचं आणि त्याला आपल्याकडे यायला राजी करायचं. बाकीचे कोच बापाशी बोलायचे. मी आईशी बोलायचो. स्वयंपाकघरात बसायचो, ती वाढेल ते मागून खायचो. शेवटी ती विचारायचीच, माझ्या पोराला सांभाळाल ना? मी तिचा हात हातात घेऊन म्हणायचो, स्वतःच्या पोरासारखा.”

“मग?”

“मग काय. पोरगा माझा.”

असे किती तरी मुलगे त्यांचे झाले होते. प्रत्येकाचं नाव पाठ, आणि प्रत्येकाच्या आईचंही. मला त्यांचं कौतुक वाटायचं. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या आयांची नावं लक्षात ठेवणारे किती शिक्षक असतील?

एके दुपारी त्यांच्या पायावर बर्फाची पिशवी ठेवून मी शेजारी बसले होते. त्यांचा फोन वाजला. हाताशी चष्मा नव्हता म्हणून त्यांनी तो स्पीकरवरच घेतला. पुरुषाचा जाड आवाज, शब्द एकमेकांत अडकलेले.

“कोच, बस किती वाजता आहे?”

मला वाटलं राँग नंबर. पण कोच शांतपणे म्हणाले, “दुपारी आहे, डॅरेल. अजून वेळ आहे. खाल्लंस का काही?”

“माझे बूट सापडत नाहीयेत.”

“बूट माझ्याकडे आहेत. तू खाऊन घे. तुला सोडून बस जाणार नाही.”

“ओके, कोच.” लहान मुलासारखा खूश झालेला आवाज. फोन बंद झाला.

कोचनी डोळ्यांवर हात ठेवला. बर्फाचं पाणी चादरीवर ओघळत होतं, तरी मी उठले नाही.

“डॅरेल आता पंचेचाळिशीचा आहे,” ते म्हणाले. “त्याला वाटतं आज मॅच आहे. रोजच वाटतं.”

डॅरेल त्यांचा सगळ्यात लाडका खेळाडू. त्याच्या वेळी टीम पहिल्यांदा अजिंक्यपदाच्या जवळ आली होती. अशाच एका मोठ्या मॅचमध्ये त्याच्या डोक्याला जबरदस्त धडक बसली. तो उठला, कडेला आला, ओकला आणि म्हणाला, “मी ठीक आहे, कोच.” टीमसोबत माझ्यासारखंच काम करणारा एक माणूस असे. त्याने डॅरेलला तपासलं, आणि काही न बोलता कोचकडे पाहिलं.

“तो माझ्या हाताखालचा माणूस होता, डॉक. त्याला नाही म्हणायचं होतं, मला दिसत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. स्कोअरबोर्डकडे पाहिलं.”

डॅरेल परत आत गेला. मॅच जिंकली. त्याला त्या मॅचमधलं पुढचं काहीच आठवलं नाही, आणि सगळ्यांनी ते विनोद म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं.

डोक्याला धक्का बसतो म्हणजे काय होतं, ते लोकांना खरोखर माहीत नसतं. हेल्मेट कवटी वाचवतं. पण मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. दह्याचा डबा हातातून पडला आणि फुटला नाही, म्हणजे आतलं दही मोडलं नाही असं थोडंच? बऱ्याचदा स्कॅनमध्येही काही दिसत नाही. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेततं. आणि वर्षानुवर्षं असे धक्के खाल्लेल्यांपैकी काहींची स्मरणशक्ती, बोलणं, चालणं पुढे हळूहळू जातं. सगळ्यांचं जातं असं नाही. कुणाचं जाणार, ते आधी सांगता येत नाही.

“मला वाटायचं जुन्या पोरांचे फोन येतात ते अभिनंदनाला,” कोच म्हणाले. “मग त्यांच्या बायकांचे यायला लागले. कोच, हा गॅस चालू ठेवून जातो. कोच, हा मुलांवर हात उगारतो, पूर्वी असा नव्हता हो.”

त्यांच्या मुलीला यातलं किती माहीत होतं, मला ठाऊक नाही. ती म्हणायची, “बाबा इथे बोअर होतात, त्यांना काहीतरी काम हवंय.”

काम आपणहून चालत आलं. नदीम नावाचा एक लेबनीज तरुण घोटा मुरगळून क्लिनिकमध्ये आला. गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी करायचा आणि संध्याकाळी अमेरिकन फुटबॉल खेळायचा. दुबईत सगळ्याच खेळांच्या टीम्स असतात, तशी याचीही होती. नाना देशांची पोरं, अल कुसैसच्या पलीकडचं भाड्याचं मैदान. शेजारच्या टेबलावर कोण झोपलंय हे कळल्यावर नदीम लंगडत जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याने त्यांच्या मॅचेस इंटरनेटवर पाहिल्या होत्या.

“कोच, फक्त एकदा या. एकदाच. यल्ला, चला ना, प्लीज!”

कोच नाही म्हणाले. तो रोज येऊन विचारायचा, ते रोज नाही म्हणायचे. घोटा बरा झाला तरी तो येतच राहिला. शेवटी एक दिवस कोचनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“ही बाई मैदानाच्या कडेला उभी राहणार असेल तर येतो. हिने एखाद्याला बाहेर काढलं की तो बाहेर. ती माझ्याकडे बघणार नाही, मला विचारणार नाही.”

“मला कोण विचारतंय?” मी म्हटलं. “मला घर आहे, संसार आहे.”

“म्हणूनच, डॉक. मला माझ्या हाताखालचा माणूस नकोय.”

मी गेले. का गेले हे नवऱ्याला धड सांगता आलं नाही. तो म्हणाला, “वाळवंटात उभी राहून लोकांना एकमेकांना पाडताना बघणार? फुकट?” आणि मग स्वतःच मला सोडायला यायला लागला.

कोच मैदानावर पाय ठेवताच दहा वर्षांनी लहान झाले. आवाज चढवायचे नाहीत. एखाद्याच्या खांद्याला बोट लावून त्याला वीतभर डावीकडे सरकवायचे, आणि त्या वीतभराने सगळं चित्र पालटायचं. डोकं खाली घालून धडकणारा कुणी दिसला की सराव थांबवायचे. “डोकं वर! जे दिसत नाही त्याला धडकू नका.” हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल! टीम जिंकायला लागली. मलाही चटक लागली, खोटं कशाला बोलू.

टीममध्ये एक मराठी मुलगा आला. तन्मय. वडील इस्लामपूरचे, इथे साइट इंजिनिअर. पोरगा जन्मापासून इथलाच. कॉलेजात शिकणारा, हरणासारखा पळणारा. मी मराठीत विचारायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. “अरे, जेवलास का?” “येस आंटी, आय एम गुड.” त्याला पळताना पाहून कोच मला म्हणाले, “याच्या आईला भेटायचंय.”

अल कुसैसमधला दोन खोल्यांचा फ्लॅट. वैशालीवहिनींनी थालीपीठ केलं होतं. कोच सोफ्यावर न बसता थेट स्वयंपाकघरात गेले आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. स्टुलाने कुरकुर केली. थालीपीठ खाल्लं, आणखी मागितलं. वहिनी लाजल्या, खूश झाल्या. मग हात पुसत मला म्हणाल्या, “ताई, त्यांना विचारा ना, माझ्या पोराला लागणार तर नाही ना? सांभाळतील ना त्याला?”

मी इंग्रजीत सांगितलं. हा प्रश्न त्यांनी किती स्वयंपाकघरांत ऐकला होता ते मला माहीत होतं. कोचनी ताटली ओट्यावर ठेवली. हात पुढे केला नाही.

“त्यांना सांगा, लागेल,” ते म्हणाले. “हा खेळच तसा आहे. किती लागेल, ते मला सांगता येत नाही. मी त्याला सांभाळीन असं वचन मी देणार नाही. ते मी खूप जणींना दिलंय. त्यांनी नाही म्हटलं तर मी त्याला घेणार नाही, आणि त्यात त्याचा काही कमीपणा नाही.”

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. तन्मय दारात उभा होता. “आई, प्लीज!” तो म्हणाला, आणि पुढचं सगळं इंग्रजीत. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, “तुम्ही असता ना तिथे?”

“असते.”

“मग खेळू दे.”

असं ते ओझं माझ्यावर आलं.

थंडीच्या मोसमाची शेवटची मॅच अबूधाबीच्या टीमशी होती. जिंकेल ती टीम चॅम्पियन. संध्याकाळची वेळ, मैदानाभोवती घरोघरची माणसं, पोरंटोरं, इथल्या दाट दुधाच्या ‘करक’ चहाचे कप. वैशालीवहिनी आणि त्यांचे यजमान वरच्या पायऱ्यांवर बसले होते. मॅच संपत आलेली, आमची टीम थोडक्यात मागे. चेंडू तन्मयकडे आला, तो कडेने सुटला आणि दोघांनी एकदम त्याला आडवा केला. त्याचं डोकं जमिनीवर आपटून उसळलेलं मी पाहिलं. तो लगेच उठला. हात वर करून दाखवला. टाळ्या पडल्या.

मी त्याला बाहेर बोलावलं. हेल्मेट काढायला लावलं. अशा वेळी काही ठरलेले प्रश्न विचारायचे असतात. आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, मागचा स्कोअर कुणी केला. मग काही शब्द सांगून ते परत म्हणायला लावायचे, डोळे मिटून एका रेषेत पावलं ठेवून उभं करायचं. त्याने स्कोअर बरोबर सांगितला. शब्दही बहुतेक सांगितले. उभा राहताना किंचित डुलला, पण दमलेला माणूसही डुलतो.

“तन्मय, डोकं दुखतंय का रे?”

“नाही काकू,” तो म्हणाला. “मी ठीक आहे. मला जाऊ द्या ना.”

माझ्याशी जन्मात कधी मराठीत न बोललेला पोरगा होता तो. शाळेत जायच्या आधीचा, आईच्या कडेवरचा तन्मय बोलत होता, आणि त्याला स्वतःला ते कळतही नव्हतं.

“बाहेर,” मी म्हटलं. “खेळायचं नाही आता.”

नदीम धावत आला. “डॉक, काय झालं? सगळं बरोबर सांगितलं त्याने! हबीबी, थोडाच वेळ राहिलाय!” तन्मय रडायला लागला. आणि कोच माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

“परत एकदा बघा, डॉक,” ते हलकेच म्हणाले.

“बघितलंय.”

“बरोबर उत्तरं दिलीत त्याने.”

“कोच, नाही.”

ते माझ्याकडे बघत नव्हते. मैदानाच्या टोकाला आकडे लाल रंगात लुकलुकत होते, तिकडे बघत होते. जबडा आवळलेला. मग त्यांनी तन्मयच्या हातातून हेल्मेट घेतलं आणि वळले. त्या आखडल्या गुडघ्याने, कठडा धरत, एकेक पायरी चढत वर गेले आणि ते हेल्मेट वैशालीवहिनींच्या मांडीवर ठेवलं. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. वहिनींनी ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

आम्ही हरलो. हस्तांदोलनं झाल्यावर तन्मय गाडीपाशी बसून ओकला. त्याला आम्ही सरळ हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला धक्का आहे, वेळेत थांबवलंत. कित्येक आठवडे त्याला उजेड सहन होत नव्हता, पुस्तकातल्या ओळी हलायच्या. मग भरून आलं सगळं. माझ्याशी मात्र तो बोलेनासा झाला. मैदानावर मला बघून तोंड फिरवायचा. पुढे शिकायला ऑस्ट्रेलियाला गेला, जातानाही भेटला नाही. लपवणाऱ्याचं दुखणं उघडं केलं की तो आपल्याला माफ करत नाही. हे आमच्या धंद्यात सोसावं लागतं. वहिनी दर दिवाळीला फराळ आणून देतात आणि त्याच्याबद्दल सांगतात, मी ऐकते.

त्या रात्री हॉस्पिटलातून परतताना गाडीत नवरा पुढे चालवत होता, आम्ही दोघं मागे. कोच म्हणाले, “तुम्ही नसतात तर मी त्याला आत पाठवलं असतं.”

“नसतं पाठवलंत.”

“पाठवलं असतं, डॉक. एवढं सगळं झालं, तरी आज मला आधी आकडेच दिसले. मला वाटलं होतं मी बदललोय.”

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी मला बोलायला हवं होतं. पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता.

थोड्याच दिवसांनी त्यांनी अमेरिकेला परत जायचं ठरवलं. मुलगी माझ्याकडे येऊन रडली. “तिथे कोण आहे त्यांचं? त्यांना समजवा ना.” मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “डॅरेलची आई ऐंशीच्या घरात आहे. एकटीच बघते त्याला.”

डॅरेलच्या आईला सगळे मिस रूबी म्हणतात. कोच तिच्या दारात गेले तेव्हा तिने दार उघडलं आणि त्यांना पाहून लावून घेतलं. ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशी परत. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी डॅरेल न्हाणीघरात पडला. सहा फुटांचा धिप्पाड माणूस, तिच्याने उचलवेना. तिने दार उघडलं आणि पायरीवर बसलेल्या कोचना म्हणाली, “आत या.”

त्या संध्याकाळी मला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. “डॉक, मोठ्या माणसाला जमिनीवरून उठवायचं कसं?”

मी शिकवलं. आधी त्याला कुशीवर घ्यायचं, मग गुडघ्यांवर, समोर भक्कम खुर्ची ठेवायची, त्याचे हात तिच्यावर, एक पाऊल पुढे. उचलायचं नाही, त्याला उठू द्यायचं. मी इकडे माझ्या हॉलमध्ये नवऱ्याला जमिनीवर लोळवून दाखवायची, तिकडे कोच बघायचे, चुकायचे, परत करायचे. मग आखडलेले खांदे कसे सोडवायचे, घास अडकू नये म्हणून बसवायचं कसं, चालताना कमरेचा पट्टा कुठे धरायचा. ते रोज जायचे. डॅरेल त्यांना कधी ओळखायचा, कधी नाही. कधी चिडून मारायचा. एकदा त्यांच्या गालावर वळ दिसला, मी विचारलं, “लागलं का फार?”

“लागलं,” ते म्हणाले. “बरंच दुखतंय.”

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मी काम थांबवलं त्याच सुमारास त्यांची मुलगी एका सकाळी क्लिनिकमध्ये आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. कोच झोपेतच गेले होते. त्यांच्या गावी अंत्यविधीला स्टेडियम भरेल एवढी माणसं आली, असं ती नंतर म्हणाली. दोन्ही अजिंक्यपदांवर भाषणं झाली. मिस रूबी आली नव्हती.

नंतर काही दिवसांनी मला त्याच गावच्या नंबरावरून कॉल आला. पडद्यावर एक पांढऱ्या केसांची, बारीक, ताठ बसलेली काळी बाई. मागे खिडकीपाशी खुर्चीत एक प्रचंड देहाचा माणूस बाहेर बघत बसलेला.

“तूच का ती डॉक?” तिने विचारलं. “आता मदतीला एक पोरगी ठेवली आहे. तिला ते उठवायचं शिकव. त्या कोचला येत होतं, मला नाही येत.”

मी त्या मुलीला सगळं दाखवलं. मिस रूबी बघत होती. झाल्यावर मी म्हटलं, “कोच गेल्याचं फार वाईट वाटलं.” तिने वळून खिडकीकडे पाहिलं.

“लोक मला विचारतात, त्याला माफ केलंस का,” ती म्हणाली. “नाही केलं. करणारही नाही. माझा मुलगा तिथे बसलाय, बघ तू. पण त्या माणसाची यायची वेळ झाली की मला घरात बसवत नाही. मी जाऊन दार उघडून ठेवते.”